शाळेचा रंग कोणीं ठरवावा?

नवी शाळा निघाली म्हणजे प्रथम जागा, मग इमारत, मग शिक्षक, आणि सर्वांत शेवटीं मुलांचा पोशाख व शाळेचें चिन्ह, असा आपल्याकडील विचाराचा क्रम असतो. जागेसाठीं दानशूर गृहस्थ शोधावा लागतो, इमारतीसाठीं वर्गणी गोळा करावी लागते, शिक्षकांसाठीं सरकारदरबारीं खेटे घालावे लागतात. पोशाख आणि चिन्ह मात्र चिटणिसांनीं एखाद्या दुपारीं दुकानदाराच्या गठ्ठ्यांतून निवडून टाकावें, इतकी ती बाब किरकोळ समजली जाते. आमचें मत याहून निराळें आहे. इमारत गांवाला दिसते. पण रंग मुलाच्या अंगावर असतो, आणि रोज संध्याकाळीं तो त्याच्या आईच्या हातीं धुण्यासाठीं येतो. जी वस्तु दररोज अंगाला लागावयाची, ती निवडतांना अंगावर घालणारास आणि धुणारीस विचारूं नये, हें कोणत्या न्यायांत बसतें?

हा विषय काढण्यास तात्कालिक कारणहि आहे. महाराष्ट्र सरकारनें सन २०२३ मध्यें "एक राज्य, एक गणवेश" अशी योजना जाहीर केली. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलामुलींना वर्षाला दोन गणवेश मोफत मिळतात. एका गणवेशास ३०० रुपये, म्हणजे दोहोंस मिळून ६०० रुपये, असा त्याचा हिशेब. पूर्वीं ही रक्कम शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे येई. समिति जवळच्या पेठेंतून कापड घेई आणि गणवेश शिवून घेई. नव्या योजनेनें कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर गेली. आकाशी आणि गडद निळा अशी एकच रंगजोडी साऱ्या राज्याला ठरली. शिलाईचें काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचतगटांकडे सोंपविण्यांत आलें. हेतु वाईट नव्हता. घाऊक खरेदींत कापड चांगलें व स्वस्त मिळावें, गरजू बायकांच्या हाताला काम मिळावें, जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलांत भेद दिसूं नये, यांत निंदा करण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु सन २०२४ च्या जून महिन्यांत शाळा उघडल्या, स्वातंत्र्यदिन येऊन गेला, तरी कित्येक ठिकाणीं गणवेश पोहोंचलेच नव्हते. जेथें पोहोंचले तेथें मापें जुळेनात, कापडाविषयींहि तक्रारी निघाल्या. शेवटीं डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें आपला निर्णय फिरविला, आणि २०२५–२६ या शालेय वर्षापासून गणवेशाचा कारभार, रंगासकट, पुन्हां शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हातीं दिला.

या प्रकरणाची जी चर्चा झाली, ती बहुतेक खरेदी, कंत्राट आणि दिरंगाई यांभोंवतींच फिरली. गणवेश वेळेवर आले असते तर बाकी सारें ठीकच होतें, असा तिचा एकंदर सूर होता. आम्हांस मात्र यांतील मुख्य गोष्ट वेगळीच वाटते. समित्यांकडे जें परत आलें, तें केवळ कापड विकत घेण्याचें काम नव्हे. आपल्या मुलाच्या अंगावर काय असावें हें ठरविण्याचा अधिकार परत आला आहे. सन २००९ च्या बालशिक्षणहक्काच्या कायद्यानें या समितींत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, आणि दुर्बल वर्गांतील पालकांना त्यांच्या प्रमाणांत स्थान असावें, असें घालून दिलें आहे. कायद्यानें खुर्ची दिली हें खरें. पण त्या खुर्चीवर बसलेल्या बाईला कोणी कांहीं विचारतो, कीं तिच्यापुढें नुसती सहीची वही सरकविली जाते, हें पाहणें कायद्याच्या हातीं नाहीं. तें पाहणें गांवाच्या हातीं आहे.

रावेरचेंच उदाहरण घेऊं. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जळगांव जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्यें काळ्याभोर जमिनींत दृष्टि पोहोंचेल तेथवर केळीच्या बागा. येथील केळीं उत्तर भारतांतील बाजारांत जातात. "जळगांव केळी" या नांवाला सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें. वस्ती पाहावी तर लेवा पाटीदार व गुजर शेतकरी, मुसलमान, बंजारा, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं व पालच्या बाजूस तडवी आणि पावरा. घरीं कोणी लेवा गणबोली बोलतो, कोणी तडवी, कोणी पावरी, कोणी उर्दू. आणि हीं सारीं मुलें एका बांकावर बसून पुस्तकी मराठी वाचूं लागतात. अशा मुलांना समान असें जें पहिलें कांहीं मिळतें, तें त्यांच्या अंगावरील गणवेशच होय.

समजा, अशा तालुक्यांतील एखादी नवी शाळा आपला रंग निवडावयास बसली आहे. शिकलेल्या माणसाच्या मनांत पहिला रंग येतो तो पांढरा. पांढरा सदरा म्हणजे स्वच्छता, पांढरा सदरा म्हणजे शिस्त. शिवाय तो कोठेंहि मिळतो. पण केळीच्या बागेंत जिचा जन्म गेला त्या बाईला विचारून पाहा. केळीचा चीक कापडाला लागतो तेव्हां पाण्यासारखा दिसतो. वाळला म्हणजे काळसर तपकिरी डाग उमटतो, आणि मग साबण लावा, सोडा लावा, तो कापड फाटेपर्यंत सोबत करतो. म्हणून बागेंत कामाला जातांना माणसें जुनेरें घालतात. शाळा सुटल्यावर मूल आईबापांना शोधीत बागेंत जाणार, घडाला हात लावणार, पानें ओढणार. आठ दिवसांत त्या पांढऱ्या सदऱ्याचा नकाशा होणार. मग वर्गांत काय दिसेल? ज्याच्या वडिलांची बाग आहे त्याच्याकडे तीन सदरे असतील, आणि तो रोज पांढराशुभ्र येईल. ज्याची आई त्याच बागेंत रोजानें जाते, त्याच्या एकुलत्या एक सदऱ्यावर डाग राहील. भेद झांकावा म्हणून काढलेला गणवेशच भेदाची पाटी होऊन बसेल. हें ज्ञान शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत आढळावयाचें नाहीं. तें धुणाऱ्या हातांपाशीं आहे, आणि त्या हातांना विचारल्यावांचून तें समितीच्या टेबलापर्यंत पोहोंचत नाहीं.

अशा आणखीहि गोष्टी आहेत. खानदेशांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उन्हांत जाड, घाम न शोषणारें गडद कापड अंगावर असणें म्हणजे काय, हें पंख्याखालीं बसलेल्या सभासदांना सुचणार नाहीं. कोणता निळा दोन महिन्यांत विटतो आणि कोणता टिकतो, हें शिंप्याला व घरच्या बायकांना ठाऊक असतें. चार मैल सायकल मारीत येणाऱ्या मुलीला झग्यापेक्षां सलवार सोयीची वाटते कीं नाहीं, हें तीच सांगूं शकेल. वयांत येणाऱ्या मुलींना फिकट रंगाचें कापड महिन्यांतील कांहीं दिवस किती धास्तीचें वाटतें, ही गोष्ट तर पुरुषांनीं भरलेल्या सभेंत कोणतीहि बाई उठून बोलणार नाहीं. न बोलली म्हणून ती खोटी ठरत नाहीं; बोलावयास जागा दिली नाहीं एवढाच त्याचा अर्थ.

रंगाची दुसरीहि एक अडचण आहे, आणि ती धुण्यानें जाण्यासारखी नाहीं. भगवा, हिरवा, निळा हे मुळांत आकाशाचे, शेताचे, संध्याकाळचे रंग. पण आपल्या समाजांत प्रत्येकाला एकेक धनी मिळाला आहे. चिन्हांचीहि तीच कथा. कमळ, मशाल, घड्याळ, हात हीं एखाद्या विद्यालयाला किती शोभण्यासारखीं चिन्हें! मशाल तर ज्ञानाचीच खूण. पण आज महाराष्ट्रांत यांतील कोणतेंहि एक शाळेच्या दारावर काढलें तर लोक पटावरील मुलें मोजण्याऐवजीं मतें मोजूं लागतील. अशा वेळीं रंग निवडणाऱ्यांनीं काय करावें? गुपचूप एक रंग ठरवून मोकळें व्हावें, कीं ज्याला जें खुपतें तें आधींच बोलूं द्यावें? याचें उत्तर आपल्या इतिहासांत आहे, आणि योगायोग असा कीं त्याचा एक धागा रावेरच्या शेजारीं येऊन पोहोंचतो.

सन १९३१ च्या एप्रिल महिन्यांत राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीनें राष्ट्रध्वजाच्या रंगांचा विचार करण्यासाठीं सात जणांची समिति नेमली. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर हेहि तींत होते. तोंपर्यंत वापरांत असलेल्या ध्वजाचे रंग निरनिराळ्या धर्मांचे म्हणून समजले जात, आणि त्यामुळें आमचा रंग कोठें, आमचा कां नाहीं, असे प्रश्न उठत होते. समितीनें प्रथम काय केलें तर प्रांतिक समित्यांकडे प्रश्न पाठविले. आपल्या प्रांतांतील कोणत्या वर्गाची वा समाजाची ध्वजाविषयीं कांहीं भावना आहे काय? ध्वज अधिक लोकप्रिय व्हावा म्हणून कांहीं सूचना आहे काय? सध्यांच्या ध्वजांत लक्ष देण्याजोगा दोष आहे काय? प्रश्न एवढेच, पण कसे नेमके! "तुम्हांला कोणता रंग आवडतो?" असें त्यांत कोठेंहि नव्हतें. आलेल्या उत्तरांचा विचार करून समितीनें सबंध केशरी ध्वजाची शिफारस केली. परंतु ऑगस्टमध्यें मुंबईस महासमितीनें ती मान्य केली नाहीं, आणि केशरी, पांढरा व हिरवा असा चरख्यासह तिरंगा स्वीकारला. त्याच वेळीं हे रंग कोणत्याहि जातिधर्माचे नाहींत, ते धैर्य व त्याग, शांति व सत्य, श्रद्धा व शौर्य यांचे आहेत, असें स्पष्ट लिहून ठेविलें. म्हणजे लोकांना विचारलें, तज्ज्ञांनीं मत दिलें, मोठ्या सभेनें तें बदललें, आणि बदलाचें कारण लिहिलें. एवढ्या पायऱ्या चढून आल्यामुळेंच तो ध्वज कोणा एकाचा राहिला नाहीं.

पुढें पांच वर्षांनीं, सन १९३६ च्या डिसेंबरांत, खेडेगांवांत भरलेलें राष्ट्रसभेचें पहिलें अधिवेशन रावेरच्या शेजारच्या यावल तालुक्यांत फैजपूर येथें झालें, आणि तेथें हाच ध्वज उभारला गेला. नगराची सजावट महात्माजींच्या इच्छेप्रमाणें नंदलाल बोस यांनीं केली. बांबू आणि तट्ट्या यांसारख्या खेड्यांत मिळणाऱ्या साध्या सामानांतून त्यांनीं ती उभी केली. शहरांतून रंगीत कागद आणि जरीचे पडदे आणून मंडप सजविणें सोपें होतें. पण पाहावयास येणाऱ्या शेतकऱ्याला "हें आपलें आहे" असें वाटलें नसतें. शाळेच्या चिन्हाचा विचार करणाऱ्या खानदेशांतील मंडळींनीं ही घरची आठवण विसरूं नये.

आतां चिन्हाकडेच वळूं. पाश्चात्त्य देशांत शाळेनें वा खेळाच्या संघानें एखादा प्राणी किंवा पुरुष "मॅस्कॉट" म्हणून मिरविण्याची चाल आहे; आपण त्यास शुभंकर म्हणूं लागलों आहों. हा शब्द दक्षिण फ्रान्सच्या बोलींतील चेटकिणीच्या नांवावरून निघाला, आणि सन १८८० च्या "ला मॅस्कॉट" या फ्रेंच संगीतिकेनें त्याला प्रसिद्धि दिली. भाग्य घेऊन येणारें माणूस वा वस्तु असा त्याचा अर्थ. आपल्याकडेहि सन १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती, आणि रेल्वेच्या दीडशेंव्या वर्षानिमित्त सन २००२ मध्यें आलेला, हातीं कंदील घेतलेला भोलू हत्ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मुलांना असा सोबती आवडतो, आणि आवडावा. परंतु शाळेचें चिन्ह हें दोन आठवड्यांच्या खेळांचें चिन्ह नव्हे. तें दाखल्यावर छापलें जातें, आणि दाखला माणूस जन्मभर जपतो.

चांगलें चिन्ह कसें असतें याचा नमुना महाराष्ट्रांत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं सन १९१९ मध्यें स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचें चिन्ह वडाचें झाड आहे. खेड्यांतील कोणत्याहि बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पारंबी जमिनीला टेकली कीं तिचेंच खोड होतें, हें तिनें प्रत्यक्ष पाहिलेलें असतें, आणि सावली तर ती रोज घेते. संस्कृत सुभाषित कोरलेल्या ढालीपेक्षां असें चिन्ह अधिक बोलकें असतें.

मग रावेरच्या शाळेनें केळ घ्यावी काय? अर्थ तर सुंदर लागतो. केळीला एकदांच घड येतो. तो कापला म्हणजे त्या बुंध्याचें काम संपतें, पण त्याच्या कंदाला फुटलेलीं पिलें वर येतात आणि त्यांची पिलबाग उभी राहते. एका पिढीनें आपलें फळ द्यावें आणि पुढच्या पिढीला मूळ धरूं द्यावें, याहून शाळेचा अर्थ निराळा काय असतो? बागाईतदाराच्या मुलाला हें चिन्ह अभिमानाचें वाटेल. पण दिवसभर घड वाहून ज्याच्या वडिलांचे खांदे सुजतात, त्याला त्यांत काय दिसेल? पालच्या बाजूनें येणाऱ्या तडवी मुलीला केळीपेक्षां सातपुड्याची रांग, सुकी नदी, सन १९६९ पासून अभयारण्य म्हणून राखलेलें यावलचें जंगल अधिक आपलें वाटत असेल. आम्ही येथें कोणत्याहि बाजूनें निकाल देत नाहीं. देऊं लागलों तर या लेखाचेंच प्रयोजन संपेल. केळ, डोंगर कीं नदी, हें त्या मुलांना विचारल्यावांचून ठरूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

एका गोष्टीचा मात्र इशारा द्यावासा वाटतो. आदिवासी मुलुखांतील शाळेला धनुष्य ताणलेल्या भिल्लाचें चित्र लावावें, अशी कल्पना शहरी मनाला सहज सुचते, आणि ती गौरवाचीच वाटते. अमेरिकेंत हाच गौरव अंगाशीं आला. तेथील मूळ रहिवाशांचीं चित्रें आणि नांवें कित्येक शाळांनीं व संघांनीं पिढ्यान्पिढ्या मिरविलीं. पण ज्यांचीं तीं चित्रें होतीं त्यांच्यापैकीं अनेकांना तो अपमान वाटे, आणि त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें. मेन राज्यानें सन २०१९ मध्यें आपल्या सार्वजनिक शाळांत अशा शुभंकरांस कायद्यानें बंदी केली. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध फुटबॉल संघाला सन २०२० मध्यें आपलें "रेडस्किन्स" हें जुनें नांव टाकावें लागलें. ज्याचें चित्र काढावयाचें त्याचें मत आधीं घ्यावें, हा धडा आपणांस तितकी किंमत न देतां शिकतां येईल.

येथें कांहीं वाचक म्हणतील, लोकांना विचारूं लागलें म्हणजे तंटे माजतात, आणि मुलांना विचारलें तर तीं चैनीचा पोशाख मागतात. पहिल्या आक्षेपाचें उत्तर आपल्या घरांतच आहे. एकत्र कुटुंबांत लग्नकार्य निघालें म्हणजे मानपानाचीं लुगडीं निवडतांना आजेसासूबाईंपासून धाकट्या जावेपर्यंत सर्वांची विचारपूस होते. वेळ जातो, कुरबूर होते, कोणी तरी रुसतें. पण विचारल्यानंतरचा रुसवा दोन दिवसांत जातो, आणि न विचारल्याचा राग दोन पिढ्या टिकतो, हें आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. दुसऱ्या आक्षेपाला इंग्लंडांतील एक दाखला पुरेसा आहे. ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही सन १५५२ मध्यें अनाथ व गरीब मुलांसाठीं निघालेली शाळा. तिचा लांब निळा डगला आणि पिवळे पायमोजे हा मूळचा धर्मादायाचा पोशाख. सन २०१० च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांना हा जुना वेष बदलावा काय म्हणून विचारलें, तेव्हां फार मोठ्या बहुमतानें त्यांनीं तो राखावा असेंच सांगितलें. मुलांवर प्रश्नाची जबाबदारी टाकली कीं तीं बहुधा जबाबदारीनें उत्तर देतात. आपल्या खानदेशांतहि ही गोष्ट नवी नाहीं. अमळनेरच्या छात्रालयांत साने गुरुजींनीं मुलांसाठीं "छात्रालय दैनिक" चालविलें तें मुलांच्या बुद्धीवर व मनावर विश्वास ठेवूनच.

तेव्हां विचारावें कीं नाहीं हा प्रश्न नसून, कसें विचारावें हा आहे. त्याविषयीं कांहीं व्यवहारी सूचना करून हा लेख आटोपतों.

पहिली गोष्ट, पैशाची मर्यादा आधींच सांगावी. एका गणवेशास ३०० रुपयेच मिळणार असतील तर पांचशेंचें कापड दाखवून आशा लावूं नये. रंगहि असा असावा कीं तो कोणत्याहि दुकानांत मिळेल. एकाच दुकानाची मिरास होईल असा खास रंग म्हणजे पालकांवर बसविलेला करच होय. दुसरें, कागदावर रंग दाखवून मत घेऊं नये. चारपांच कापडांचे हातभर तुकडे निरनिराळ्या घरांत द्यावे. ते पंधरा दिवस धुवावे, उन्हांत वाळवावे, केळीचा चीकहि लावून पाहावा. मग सर्व तुकडे शाळेंत मांडून पुन्हां बघावे. यासारखी परीक्षा नाहीं आणि तिला खर्चहि नाहीं. तिसरें, बायकांची बैठक निराळी असावी, आणि ती मजुरी बुडणार नाहीं अशा वेळीं असावी. मृगबागेच्या लागवडीच्या दिवसांत भर दुपारीं सभा बोलवावयाची, आणि मग "बायका येतच नाहींत" म्हणावयाचें, हा न्याय नव्हे. चौथें, मुलामुलींना निनांवी चिठ्ठ्या लिहूं द्याव्या. "काय आवडतें?" यापेक्षां "काय नको, आणि कां नको?" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. चिन्हासाठीं मुलांनींच चित्रें काढावीं. त्यांतून निवडलेलें चित्र कसलेल्या चित्रकाराकडून सुधारून घ्यावयास हरकत नाहीं. पांचवें, नुसती डोकीं मोजून निकाल लावूं नये. ऐंशी घरांना आवडलेला रंग वीस घरांना दुखवीत असेल, तर त्या विसांचें दुःख काय आहे हें ऐकूनच पुढें जावें. आणि शेवटचें, जो निर्णय होईल तो कारणांसह शाळेच्या भिंतीवर लावावा. ज्या सूचना स्वीकारल्या नाहींत त्यांचींहि कारणें त्याखालीं लिहावीं. आपलें म्हणणें वाचलें गेलें होतें हें ज्याला कळतें, तो दुसऱ्याचा रंग घालावयासहि तयार होतो.

आमच्या बहुतेक वाचकांचीं मुलें ज्या शाळांत जातात, तेथें या सरकारी गणवेशाचा प्रश्न येत नसेल. पण अशा घरांतील पुष्कळ मंडळी निरनिराळ्या शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, देणगीदार आहेत. गांवची समिति त्यांचा शब्द मान्य करते. शिकलेल्यांनीं ठरवावें आणि बाकीच्यांनीं घालावें, ही संवय आपल्या अंगीं जुनी आहे, आणि ती बहुधा चांगल्या हेतूच्या वेषांत येते. ज्यांचा शब्द सभेंत चालतो, त्यांनीं तो शेवटीं बोलावा आणि सही करण्यास बोलाविलेल्या बाईला आधीं बोलावयास लावावें, ही आमची विनंति आहे. पुढील शालेय वर्षाचें कापड निवडण्याच्या सभा उन्हाळ्याच्या सुटीपूर्वींच झाल्या पाहिजेत; नाहींतर जून उजाडला कीं घाई होते, आणि घाईंत पुन्हां चिटणीस व दुकानदार हे दोघेच उरतात.